बेटावर सोडलेली पट्टी

होळी झाली की आमच्या गावापुढच्या धरणाच्या फुगवट्यात एक बेट वर येतं. पाणी आटत जाईल तसं रोज थोडं थोडं मोठं होत जातं. मी गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवते. शेजारी मासेमारी करणारं एक जोडपं राहतं, त्यांना मी काका-काकू म्हणते. उन्हाळ्यात जाळ्यात मासे कमी लागतात, तेव्हा त्या बेटावरच्या ओल्या गाळात लावलेल्या काकड्या-टरबुजांवर त्यांचं घर चालतं.

तीन-चार वर्षांपूर्वी सकाळची शाळा सुटल्यावर काकू म्हणाल्या, "बाई, येता का बेटावर? आज बी टोकायचं हाय."

मी दोघांबरोबर होडीत बसले. बेटाच्या टोकावर पाय ठेवला आणि डोक्यावर किंकाळ्या सुरू झाल्या. काळ्या टोपीची, पिवळ्या चोचीची करडी पाखरं आमच्यावर झेपावत होती. एकानं तर काकूंचा पदरच ओढला. काकू खुरपं घेऊन दोन पावलं पुढं गेल्या आणि थबकल्या.

"बाई, हलू नका!"

माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर, नुसत्या मातीत तीन अंडी होती. ना काडी, ना गवत. मातीच्याच रंगाची, वर ठिपके. नजर बसली तशी चहूकडं अंडीच दिसायला लागली. आम्ही आलो होतो त्याच पावलांवरून माघारी फिरलो.

काका वैतागले. "सगळ्यात चांगला गाळ ह्योच हाय. हा सोडला तर खायचं काय?"

"मग अंड्यांवर खुरपं चालवू?" काकूंनी विचारलं.

"पाखरं घालतील की दुसरीकडं!"

काकूंनी खुरपं होडीत ठेवलं. ऊन चढलं होतं, म्हणून आधी भाकरी खाऊ असं ठरलं. काकांनी टॉवेल भिजवून डोक्यावर घेतला. आम्ही होडीत बसल्यावर पाखरं शांत झाली, खाली उतरली.

तेवढ्यात एक पाखरू अंड्यांवरून उठलं. पाण्यावर गेलं, पण मासा धरला नाही. पोट पाण्यात बुडवलं, पुन्हा बुडवलं, आणि निथळत परत येऊन अंड्यांवर बसलं. जरा वेळानं शेजारचं उठलं. तेही तसंच. तापलेल्या मातीवर ती पाखरं पिसांतून पाणी आणून अंडी गार करत होती. इतकी वर्षं मी मुलांना पक्ष्यांचे धडे शिकवले, पण हे मला ठाऊक नव्हतं.

काकांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, "मी टावेल घेतलाय, तसंच हाय की गं हे."

भाकरी संपल्यावर ते स्वतःच उठले. अंड्यांपासून लांब, होडीतल्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, ओळीनं रोवल्या आणि तेवढी पट्टी सोडून दिली. बी पलीकडं टोकलं.

गावातले बाकीचे मासेमार हसले. "पाखरं तुमची कवापासून झाली?" काकांनी वाद घातला नाही. भर दुपारी दोघा-तिघांना होडीत घालून नेलं. "गप बसा अन् बघा," एवढंच म्हणाले. परतताना तेच होडी लांबून घ्यायला सांगायचे. पुढं सगळ्यांनी मिळून ठरवलं, पिलं उडेपर्यंत त्या बाजूला जाळं टाकायचं नाही आणि बेटावर शेळ्या न्यायच्या नाहीत.

त्या वर्षी काकड्या उशिरा आल्या. पाणी आणखी उतरल्यावर खालचा गाळ उघडा पडला, तिथं टरबुजं लावली, ती चांगली झाली. काकूंनी सोनईच्या बाजारात विकली. पट्टी मात्र दर उन्हाळ्यात सुटते, आता तुराट्या दुसरंच कुणीतरी आधी रोवून येतं.

त्या पहिल्या वर्षी पिलं निघाल्यावर मी काकूंबरोबर पुन्हा गेले होते. तुराट्यांच्या अलीकडूनच पाहत होते. मातीवर पिलं तुरुतुरु पळत होती. वरून घारीची सावली सरकली, मोठ्या पाखराची एक हाक झाली आणि सगळी पिलं जागच्या जागी चपटी झाली. समोर फक्त रिकामा गाळ. मी डोळे ताणून पाहिलं, एकही दिसेना.

काकू माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "हायेत बाई, सगळी हायेत."