शिक्क्याची शाई वाचवली त्याची गोष्ट

एक विचारतो, खरं सांगा हं. माणसानं भरवसा ठेवावा तो कुणावर? भावावर? व्याह्यावर? सरकारवर? तुम्ही म्हणाल, शेटजी, ज्याचं अक्षर चांगलं आणि तोंड गोड, त्याच्यावर ठेवावा. इथंच फसता तुम्ही! माझं अक्षर मोत्यासारखं, तोंड गुळासारखं, आणि माझ्यावर भरवसा ठेवला म्हणून एका जिवंत माणसाच्या घरी त्याच्याच नावानं हंबरडा फुटला. चहा घ्या, निवून जाईल. सांगायला लाज वाटते, पण दुसऱ्या कुणी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा मीच सांगतो.

दुसऱ्या लढाईचे दिवस. वाशीमच्या बाजारात आमचं किराण्याचं दुकान. शाळेत मी काही टिकलो नाही. पण ओट्यावर बसून मोडी शिकलो, गिऱ्हाइकांकडून उर्दू उचलली आणि औषधाच्या बाटल्यांवरचे कागद वाचून वाचून इंग्रजी. त्यामुळे गावात कुणाला तार आली, की तो आधी माझ्याकडे यायचा आणि मग रडायचा.

तर झालं असं, की तुरुंगातला पत्रांचा कारकून पलटणीत भरती झाला. जेलरसाहेब स्वतः दुकानावर आले.

"शेटजी, कैद्यांची पत्रं लिहून द्यायची, आलेली वाचून दाखवायची, जाणारी तपासून पास करायची. दुसरा माणूस मिळेपर्यंत एवढं सांभाळा."

सरकार आपल्या ओट्यावर आलं म्हटल्यावर नाही कोण म्हणतो? दुकान धाकट्या भावावर सोपवलं, काळी टोपी घातली, आणि झालो सरकारी माणूस!

काम माझ्या जिवाजोगतं होतं. लिंबाखाली सतरंजी टाकायची. समोर कैदी उकिडवे बसायचे. एकेक जण सांगायचा, मी कार्ड लिहायचो. कुणाला गाय व्याली का ते पाहिजे, कुणाला म्हाताऱ्याचा खोकला. लिहून झालं, वाचून दाखवलं, की कार्डावर तपासल्याचा गोल शिक्का मारायचा. पण लढाईपायी शिक्क्याची शाई मिळेना. साहेब म्हणाले, "शाई येईपर्यंत तुमची काहीतरी खूण करा."

आता व्यापाऱ्याला खूण सुचायला किती वेळ लागतो? आमच्या दुकानात हुंडीचे पैसे चुकते झाले, की तिचा कोपरा फाडून टाकायची पद्धत. काम झालं, कागद मोकळा! मी तेच धरलं. कार्ड तपासलं, की चर्रकन वरचा कोपरा फाडायचा. ना शाई, ना शिक्का, ना सरकारला खर्च. फाडलेले कोपरेसुद्धा वाया घालवले नाहीत, कोटाच्या खिशात टाकायचो. तपकिरीची पुडी बांधायला बरे पडतात.

काय हसता? कळलं वाटतं? तुम्हाला चहाच्या दोन घोटांत कळलं. मला महिनाभर कळलं नाही!

त्या कैद्यांत एक होता शंकर माळी. मंगरूळपीरजवळच्या एका खेड्यात वांगी-मेथीचा मळा करणारा. कुणाची तरी गुरं त्याच्या मळ्यात शिरली, यानं गुरांना सोडून मालकालाच काठीनं हाणलं, आणि आला आत. तिथंही तुरुंगाच्या बागेत मेथी अशी काढली, की जेलरसाहेबांच्या घरी रोज जुडी.

एके दिवशी तो माझ्यापुढं बसला. हात जोडलेले.

"शेटजी, गोदीले लिवा, का यमुनीचं लगन मांगं ढकलू नोको. मी अखितीच्या आंदी सुटून येतो मनावं."

गोदा त्याची बायको, यमुना लेक. अखिती म्हणजे आपली अक्षय तृतीया.

"लिहिलं," मी म्हणालो. "आणखी?"

"आनखी काय जी? तेवढं कार्ड पोचलं पाह्यजे. व्याही लय तिरपट हाय. जरासा बहाना भेटला का सोयरीक मोडते तो. एकच पोरगी हाय मले."

"अरे शंकर, माझ्या हातचं कार्ड म्हणजे तू स्वतः घरी पोचल्यासारखंच!"

"तुमच्यावरच भरवसा हाय जी."

आणि त्याच्या डोळ्यांदेखत मी चर्रकन कोपरा फाडला. तो बिचारा अंगठेबहाद्दर. त्याला वाटलं, सरकारी रीत असेल.

मग झालं काय, की कार्डं जायची आणि उत्तरं येईनात. एकाचंही नाही! कैदी कासावीस. मी त्यांना सतरंजीवरून उपदेश करायचो, "बाबांनो, जग असंच असतं. माणूस आत गेला, की सगे विसरतात." शंकर खाली मान घालून म्हणायचा, "माही गोदी नाई विसरनार जी." मी हसायचो. शहाणा ना मी!

एकदा बाजारात पोस्टमास्तर भेटले. म्हातारा माणूस, भित्रा. मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "शेटजी, जेलात पटकी-बिटकी त नाई ना आली?"

"छे हो! जोरात चाललंय. रोज दहाबारा जणांचं आटपतो."

"रोज?"

"मग! सणवार आला, की जास्त."

"आन् सायबाले मालूम हाय हे?"

"साहेबच म्हणाले, तुमच्या पद्धतीनं करा!"

त्यांचा चेहरा पांढराफटक. त्या दिवसापासून मला पाहिलं, की छत्री आडवी धरून दुसऱ्या बाजूनं जायचे. मला वाटलं, माझ्या हुद्द्याचा दबदबा!

आणि एका दुपारी तुरुंगाच्या दारापुढं बैलगाडी थांबली. गाडीतून एक म्हातारी उतरली ती हंबरडा फोडतच. मागे डोक्यावरून पदर ओढलेली बाई. दारावर हवालदार रहीमभाई होते. मोठमोठे दरोडेखोर आवळलेला माणूस, पण म्हातारीनं त्यांचे पायच धरले.

"माह्या लेकाची राख तरी द्या रे बाप्पा!"

"किसकी राख, माय?" रहीमभाई गोंधळले.

मी टोपी सारखी करून बाहेर आलो. तेवढ्यात आत मेथी निंदत असलेल्या शंकरनं आईचा आवाज ओळखला. खुरपं टाकून धावत गजांशी आला. आई रडते म्हटल्यावर यानंही आतून गळा काढला.

"कोन गेलं वं माय? बाबा गेला काय?"

म्हातारी मान वर न करताच, "माहा शंकर गेला रे बाप्पा!"

"कोनता शंकर?"

"माहा शंकर रे! माह्या पोटचा!"

"अवं माय, थो त मीच हाय!"

म्हातारीनं मान वर केली, गजाआड लेकाकडं पाहिलं, "भूत!" म्हणून किंचाळली आणि रहीमभाईंच्या अंगावर कोसळली. रहीमभाई स्वतःच डोळे मिटून अल्लाचं नाव घेत होते.

ती पदर घेतलेली बाई, म्हणजे गोदा, किंचाळली नाही. गजापाशी गेली. आत हात घालून नवऱ्याच्या गालाला, दाढीला हात लावून पाहिला.

"जित्ते हा तुमी?"

"मले काय झालं? आन् तुह्या बांगड्या कुठी गेल्या गोदे?"

तेव्हा तिला आपलं उघडं मनगट दिसलं. तिनं हात झटक्यानं मागं घेऊन पदराखाली लपवला. गुन्हा माझा, आणि लाजली ती!

पण माझा तोरा अजून उतरला नव्हता बरं का. मी दरडावलं, "कुणी सांगितलं तुम्हाला हा मेला म्हणून? मी माझ्या हातानं कार्ड लिहिलं, लग्न ठेवा, येतो म्हणून!"

"कार्ड त आलं व्हतं जी, पोस्टमन मने जेलातून हाय," म्हातारी म्हणाली. "कोपरा फाटेल व्हता ना त्याचा!"

"मग वाचलं नाही?"

"कोपरा फाटेल कार्ड कोनी घरात घेते काय? दारातच फाडलं, नदीत टाकलं, आंग धुतलं. वाचायचं काय राह्यते त्यात?"

आता काय सांगू तुम्हाला… धरणीनं त्या वेळी पोटात घेतलं असतं तर मी भाड्यानं राहिलो असतो! आपल्याकडे मर्तिकाच्या कार्डाचा कोपरा फाडतात, हे मला माहीत नव्हतं? अहो, आमचे आजोबा गेले तेव्हा सगळ्या सोयऱ्यांना कार्डं मीच लिहिली, कोपरेही मीच फाडले! पण तो मी घरचा, आणि तुरुंगात बसला तो मी दुकानचा. एकाच टोपीखाली दोघं, पण एकमेकांशी बोलले नाहीत.

सवयीनं तपकिरीसाठी खिशात हात घातला, आणि पुडीबरोबर मूठभर कोपरे जमिनीवर सांडले. रहीमभाई वाकले. एक कोपरा उचलून माझ्यापुढं धरला.

"ये कौन था, शेटजी?" दुसरा उचलला. "और ये?"

पुढचे काही दिवस विचारू नका. रिसोडकडून गाड्या, मालेगावकडून गाड्या. पोहरादेवीला भरत नसेल अशी यात्रा तुरुंगापुढं! प्रत्येक गाडीतून रडणं उतरायचं, आणि गजाआडचा मेलेला माणूस त्यांना गप्प करायचा. काही माणसं आनंदानं मला मिठी मारायला आली, काही काठी घेऊन. जेलरसाहेब एवढंच म्हणाले, "शेटजी, कोर्टानं यांना कैद दिली होती. फाशी तुम्ही दिलीत."

बाकीच्यांचं रडणं एका दिवसात हसण्यावर गेलं. शंकरचं गेलं नाही. कारण व्याह्याला बहाना मिळाला होता. बापाचं मरण ओढवून आणणारी पोर, पांढऱ्या पायाची, म्हणून त्यानं नारळ परत पाठवला होता. शंकरनं मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो गजाआडून हळूच म्हणाला, "शेटजी, तुमच्यावर भरवसा ठेवला व्हता जी."

दुसऱ्याच दिवशी छकडा जुंपून मी मानोऱ्याच्या पलीकडं व्याह्याच्या गावी गेलो. व्याही पोहरादेवीला गेलेला. त्याच्या ओसरीवर मुक्काम ठोकला. घरी काळजी करतील म्हणून बायकोला चार ओळींचं कार्ड टाकलं, "काम निघालं, येण्यास उशीर." व्याही आला. मी सगळं कबूल केलं, हात जोडले.

तो मिशीवर ताव देत म्हणाला, "थो जित्ता हाय हे कायच्यावरून?"

"मी लिहून देतो ना! सही करतो!"

"लिवून देता? अजी, कागदावरच त मारला तुमी त्याले! आता कागदावरच जित्ता करता काय?"

त्याला छकड्यात घातला. वाटभर त्यानं मला शिव्या दिल्या, मी त्याला गूळ-शेंगदाणे दिले. तुरुंगाच्या दारात शंकरला त्यानं खालीवर पाहिलं, गजातून हात घालून दंडाला करकचून चिमटा काढला. शंकर "अयाया!" म्हणून ओरडला.

"हाय जित्ता," व्याही म्हणाला. "लगन अखितीलेच."

लग्न लागलं. शंकर सुटून आला, लेकीमागं उभा राहिला. कासाराला मीच घेऊन गेलो होतो. गोदाबाईंचे हात हिरव्या चुड्यानं भरले. मी म्हणालो, "वहिनी, झालं ना आता सगळं ठीक?"

त्या खाली पाहून म्हणाल्या, "झालं जी. फकत फोडल्या त्यात दोन बांगड्या माह्या मायनं भरेल व्हत्या. माय आता हाय नाई."

अजून तो आवाज कानात आहे हो.

पण माझी खरी वरात निघाली ती त्याआधीच, व्याह्याला तुरुंगात शंकर दाखवून मी घरी परतलो त्या दिवशी. पाहतो तो दुकान बंद! ओट्यावर धाकटा भाऊ, डोक्याचा चकोट. मला पाहून तो ओट्यावरून खाली पडला. आत माझी आत्या मोठ्यानं रडत होती, आणि शेजारणी तिला धरून बसल्या होत्या. माझी बायको मात्र कपाळभर कुंकू लावून तांदूळ निवडत बसलेली. समोर माझंच कार्ड. कोपरा? फाटलेला! सवयीच्या हाताला कोण सांगणार हो?

मी विचारलं, "तू नाही रडलीस?"

तिनं मानही वर केली नाही. म्हणाली, "घरादारानं कोपरा पाह्यला, मी अक्षर पाह्यलं. स्वतःच्या मरणाचं कार्ड स्वतःच लिवून, कोपराबी स्वतःच फाडून, पोस्टात नेऊन टाकनारा मुर्दा वाशीमात एकच हाय. मनलं, जेवायच्या टायमाले येईन."

तर मंडळी, आता एक मागणं आहे. हा किस्सा तुम्ही चार ओट्यांवर सांगणार, हे मला ठाऊक आहे. खुशाल सांगा. पण खातं चोख ठेवा. व्याह्याला मी आणला, लग्न लागलं, हे जमेला धरून माझी बाकी उडवू नका. गोदाबाईंच्या आईच्या हातच्या त्या दोन बांगड्या माझ्या नावे आहेत, तशाच राहू द्या. आणि त्या ओळीचा कोपरा कुणी फाडू नका.