जवसाची कढई

त्या दिवशी सायलीचा फोन सकाळीच आला. "मावशी, आई गेली..." एवढंच म्हणाली. मंगलताई माझी थोरली बहीण. महिना उलटून गेला तरी माझा तिच्यावरचा राग जात नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. पण ताईच्या चांगल्या सवयीनंच तिचा घात केला, त्याला मी काय करू?

आमची आई स्तनाच्या कॅन्सरनं गेली, तेव्हापासून ताईनं धसकाच घेतला होता. पुढे लग्न होऊन ती वाशीला आली. कुठल्याशा पुरवणीत तिनं वाचलं, की जवस, सोयाबीन, कोबी यांतल्या काही द्रव्यांनी हा आजार टाळता येईल, असं संशोधकांना वाटतं. झालं, ताईला औषधच सापडलं. मार्केटमधून जवसाची गोणीच यायची. संक्रांतीला बाकीच्या बायका वाट्या लुटायच्या, ही जवसाच्या चटणीचे डबे. सोसायटीत सगळ्या हसायच्या. "हसा गं. मला आईसारखं मरायचं नाही," ती सरळ म्हणायची.

गाठ हाताला लागली, तेव्हा तिनं कुणालाच सांगितलं नाही. चटणी तेवढी वाढवली. सायलीला कळलं आणि तिनं मला फोन केला. तिला डॉक्टरकडे न्यायला मी नेरुळहून रिक्षा करून गेले, रिक्षा खाली थांबवून वर गेले. ताई कढईत जवस हलवत होती. "टेन्शन नको घेऊस. एवढं खाते, मला काय होतंय? एवढं भाजून होऊ दे, नाहीतर करपेल." त्या दिवशी ती आलीच नाही. मग पाहुणे आले, मग दिवाळी... डॉक्टर शेवटी म्हणाले, "जवस चांगलंच, पण आलेली गाठ त्यानं जात नाही. फार उशीर केलात."

शेवटी तिला पाणीही गिळवत नव्हतं. माझा हात धरून म्हणाली, "सायलीला तपासून आण. चटणीच्या भरवशावर ठेवू नकोस."

मी डॉक्टरकडे दोनदा नंबर लावला, दोनदा सायली आली नाही. काल शेवटी मीच गेले. दारातच खमंग वास आला. ताईचीच कढई, तेच तडतडणं. सायलीनं मान वर केली नाही. "भीती वाटते गं मावशी," म्हणाली. मग हळूच, "एवढं भाजून होऊ दे, नाहीतर करपेल."

"करपू दे मेलं," म्हटलं, आणि गॅस बंद केला.