दर्भाचा कावळा

पुस्तकात मेलेली माणसं बोलायला लागली की मला भीती वाटत नाही, चक्क कंटाळा येतो. पुण्यात स्पॅनिश शिकले, लग्नानंतर मस्कतला आले आणि आता अल मवालेहच्या फ्लॅटमध्ये बसून अनुवाद करते. स्पेनमधल्या, त्यातही कातालान लेखकांच्या हल्लीच्या कादंबऱ्यांत कुठेही बोट ठेवा, यादवी युद्धात गोळी घालून खड्ड्यात टाकलेला कुणीतरी असतोच. खड्डा कुठे आहे ते अख्ख्या गावाला ठाऊक, पण अवाक्षर काढायचं नाही. त्याची कातालान भाषासुद्धा सरकारी बंदीतली. त्याच्या घरातली म्हातारी खिडक्या लावून घेते, मगच ती भाषा बोलते.

गेल्या वर्षी अनुवादाला घेतलेल्या कादंबरीतही असाच एकजण होता, बदामाच्या झाडाखाली पुरलेला. बायको रोज त्याचं ताट वाढते आणि तो मातीखालून बोलतो. निवेदन स्पॅनिशमध्ये, पण हा बोलला की कातालान. आता याचं मराठीत काय करायचं? मी त्याला मालवणी दिली. माझ्या बाबांनी पुण्यात अख्खी नोकरी शुद्ध मराठीत केली, पण घरात पाऊल टाकलं की मालवणी. ‘माका भूक नाय. कोणीतरी माका हाक मारा,’ हे वाक्य कागदावर उतरलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. हे बाबाच बोलत होते.

विमानं बंद होती त्या वर्षी बाबा गेले. त्यांचा दहावा मी फोनवर पाहिला. पिंड ठेवलेला, भिंतीवर कावळे बसलेले आणि एकही शिवेना. भाऊ एकेक कबूल करत होता, आईला सांभाळीन, गावचं घर विकणार नाही. कावळे ढिम्म. बाबांचं कुठे अडलंय ते मला ठाऊक होतं. नातीशी बोलायचं राहिलं होतं. माझी लेक इथल्या इंडियन स्कूलची. मराठी चुकेल म्हणून आजोबांचा फोन आला की बाथरूममध्ये जाऊन बसायची आणि ते बिचारे ‘असू दे, असू दे’ म्हणायचे. मी जीव तोडून ओरडले, “बाबा, ती बोलेल तुमच्याशी! मी शिकवीन तिला!” माझा फोन म्यूटवर होता. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि खलास, सगळे आंघोळीला गेले. माझा जीव मात्र त्या गवताच्या कावळ्यापाशीच अडकला.

तेव्हापासून पितृपक्षात मी बाल्कनीच्या कठड्यावर पान ठेवते. मस्कतमध्ये कावळ्यांना काय तोटा! आमच्या भाजी मार्केटवर थवेच्या थवे असतात. आमच्याकडेही येतात, पानाकडे टक लावून बघतात आणि उडून जातात. नवरा म्हणतो, “अगं, पपया खाऊन पोटं भरलेली असतात त्यांची. कशाला मनाला लावून घेतेस?” त्याला मी गप्प बसायला सांगते.

माझी कामाची एक रीत आहे. मसुदा फोनमध्ये वाचून ठेवायचा आणि स्वयंपाक करताना ऐकायचा. लंगडं वाक्य कानाला लगेच कळतं. त्यामुळे वर्षभर तो मेलेला माणूस माझ्या आवाजात घरभर मालवणी बोलत होता. लेक हेडफोन लावून बसलेली असायची. तिच्या कानावर काही पडत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

यंदा सर्वपित्रीला भर दुपारी वडे तळत होते. बाहेर उन्हानं रस्ता ओस पडलेला. लेकीच्या बंद खोलीतून आवाज आला, “माका भूक नाय. कोणीतरी माका हाक मारा.” म्हटलं, माझा फोन तिकडेच राहिला वाटतं. बघते तर फोन ओट्यावर, बंद. आवाज घोगरा होता आणि ‘हाक’ म्हणण्याआधी एक श्वास, थेट बाबा घ्यायचे तसा. वाचताना मी तसा श्वास कधीच घेतला नव्हता. मी गॅस बंद केला.

दार उघडलं. लेक खिडकीशी उभी होती. बाहेर एसीच्या डब्यावर कावळा.

“कुणाशी बोलतेस गं?”

“प्रॅक्टिस करतेय. आजोबा किती वर्षं वेट करतायत ना.”

हे मी तिला कधी सांगितलेलं नव्हतं.

तिनंच पान उचललं आणि कठड्यावर ठेवलं. मग न अडखळता म्हणाली, “आजोबा, येवा. जेवून घेवा. मी आसंय हयसर.” कावळा आला. मान वाकडी करून त्यानं तिच्याकडे पाहिलं, भाताला चोच लावली आणि वडा घेऊन गेला. मी तिथेच फरशीवर बसून हमसाहमशी रडले.

दुसऱ्या दिवशी शेवटचं प्रकरण घेतलं. त्यात मेलेला माणूस बायकोचा निरोप घेतो. मालवणीतला एक शब्द सुचेल तर शपथ! सकाळभर डोकं धरून बसले. शेवटी लेक शाळेतून आल्यावर तिला विचारलं, “आजोबा हे कसं म्हणाले असते गं?”

तिनं बाल्कनीकडे पाहिलं.

“आई, ते गेले ना काल,” ती म्हणाली. “आता मी कोणाला विचारू?”