नाव न घेता रचलेलं पद

ग्वाल्हेरात मला माणसात आणलं ते खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या एका काकूंनी. हे आधी लिहून ठेवतो. पुढचं वाचून कुणी म्हणेल, हा खाल्ल्या मिठाला जागला नाही. खरंच आहे ते. पण काकूंनी काय केलं ते अगोदर कळायला हवं.

मी सातारकडचा. वडील गेले आणि सहावीतून शाळा सुटली. गावचा एकजण बिर्लानगरात कापडगिरणीत होता, त्याच्या मागोमाग इतक्या लांब आलो. सहा महिन्यांत तो गावी परतला आणि मी राहिलो. कामगारांच्या लायनीत एका खोलीत आम्ही पाच जण, बाकीचे चौघे पूरबकडचे, हिंदी बोलणारे. माणसं चांगली होती, पण दिवसभरात मराठी शब्द कानावर पडायचा नाही. मी झोपेत बडबडतो, असं ते सांगायचे. तेवढंच काय ते माझं मराठी.

लष्कर भागात, जुन्या मराठी वस्तीत, गणपती बसतात असं कळल्यावर पायी गेलो. आरतीला सगळ्यांत मागे उभा राहून इतक्या जोरात म्हणायला लागलो की पुढच्या एक बाई वळून बघू लागल्या.

"कुठला रे तू?"

"सातारकडचा."

"अगं बाई, हा तर असली दक्षिणी!" त्या हसल्या. मराठी माणसाला इथं दक्षिणीच म्हणतात. "आम्ही नुसते नावाचे. चार पिढ्या इथंच गेल्या. जेवतोस कुठं?"

"खोलीवर. जमेल तसं."

"मग दर रविवारी येत जा. वार लाव आमच्याकडे."

आठवड्यातला एक दिवस ठरवून एका घरी जेवायचं, म्हणजे वार लावायचा. ती सोय गरीब विद्यार्थ्यांची. मी म्हटलं, मी विद्यार्थी नाही, शाळा सोडली आहे.

"मग काय भूक पण सोडली?" काकू म्हणाल्या.

त्या रविवारांची आठवण अजून गोड आहे. सकाळीच निघायचो. नई सडकेवर दुकानांच्या फळ्या निघत असायच्या, कढईतल्या बेडईचा, डाळ भरलेल्या पुरीचा, वास यायचा. काकूंच्या दारात चाफा होता. त्याची फुलं वेचून देवघरात द्यायची, हे काम मी न सांगता माझं करून घेतलं होतं. ओसरीवर टेकून राहिलो की आतून हाक यायची, "बेटा, आत ये ना, बाहेर का खडा आहेस?" ताटात आमच्याकडची आमटी आणि त्यांच्याकडची भजी घातलेली कढी, दोन्ही. काका एका सरकारी कचेरीत मोठे बाबू. बोलणं मोजकं. जेवणानंतर मला पेपर मोठ्याने वाचायला लावायचे आणि अडखळलो की चष्म्यावरून बघायचे. "सातवीची परीक्षा दे," एवढंच म्हणायचे.

गणपतीत आमचा मेळा असे. दहाबारा पोरं, एक पेटी, एक तबला, आणि पेटीवर एक मास्तर. मेळ्यात पदं म्हणायची आणि त्यात आपल्याच लोकांची हजेरी घ्यायची. रीत अशी की नाव घ्यायचं नाही, खूण सांगायची. कुणाची फाटकी छत्री, कुणाची करकरणारी सायकल. लोक हसत, तो माणूसही हसे, आणि शेवटच्या कडव्यात त्याचं थोडं कौतुक करून सगळं धुऊन टाकायचं. ज्याची हजेरी घेतली तो दुसऱ्या दिवशी मेळ्याच्या पोरांना पेढे द्यायचा. दुसऱ्या वर्षापासून पदं मीच रचू लागलो. सहावीतून शाळा सुटलेल्या माणसाच्या ओळी चारशे लोक गुणगुणतात, ही नशा सांगून कळायची नाही. एकदा काकांच्या सायकलीवर केलं होतं. त्यांनी पेढ्यांचा पुडा माझ्याच हातात दिला होता.

मग ते वर्ष आलं. मध्यभारत मोडून नवा प्रांत होणार आणि राजधानी ग्वाल्हेरहून भोपाळला जाणार, हे पक्कं झालं. संस्थान गेलं तेव्हा लोक हळहळले होते; या वेळी चिडले. कचेऱ्या उठणार म्हणजे घरं उठणार. कुणाला भोपाळला पाठवायचं त्याची यादी काका करताहेत, अशी बातमी पसरली. मेळ्यातल्या निम्म्या पोरांचे बाप कारकून. मास्तर म्हणाले, "या साली काकांची हजेरी झाली पाहिजे. आणि एक कडवं हिंदीत कर. मेळा नई सडकेच्या चौकात न्यायचा आहे. शहर सगळ्यांचं आहे, नुसतं आपलंच ऐकवून कसं चालेल?"

मी रचलं. हिंदी कडवं असं होतं:

"द्वारे चंपा, हरी किवड़िया, भीतर बैठा कौन?
शहर की गठरी बाँध रहा है, पूछो तो है मौन!"

(लिहिताना आजही हात थबकतो, म्हणून सांगून टाकतो: झाड चाफ्याचं नव्हतं आणि दारही हिरवं नव्हतं. या कागदावरून पुन्हा कुणी ते घर शोधू नये.)

मराठीत शेवटचं कडवं होतं, त्यात काकांच्या ओसरीची आणि काकूंच्या कढीची तारीफ होती. चौकात वेळ कमी पडला. हिंदी कडवं तीनदा म्हणायला लावलं लोकांनी, आणि तारीफ राहून गेली. ऐकणारे गिरणीतले, बाजारातले, कॉलेजातले. काकांना त्यांतलं कुणी ओळखत नव्हतं. त्यांना फक्त दार कळलं.

दुसऱ्या दिवशी राजधानीसाठी हरताळ होता, गिरणी बंद. रविवार नव्हता, तरी मी खासगी बाजारात निघालो. पेढ्यांची आस होती, खोटं कशाला बोलू? गल्लीच्या तोंडाशी मोर्चा लागला. घोषणा चालल्या होत्या आणि मधेच कुणीतरी माझं कडवं उचललं. मग दहांनी, मग पन्नासांनी. आधी मला अभिमान वाटला. हे लिहायची लाज वाटते, पण वाटला. चाल जरा चुकत होती, ती मी मनातल्या मनात दुरुस्तही केली. मग "पूछो, पूछो!" असं कुणीतरी ओरडलं आणि पहिला दगड गेला.

मी मागच्या बोळातून आत शिरलो. खिडकीची काच फुटली होती. काकू खिडकीखाली तांदूळ निवडत बसल्या होत्या. उजव्या तळव्यात काच शिरली होती आणि सुपातले तांदूळ लाल झाले होते. बाहेर अजून गाणं चालू होतं. मी माझंच गाणं ऐकत त्यांच्या हाताला धोतराची चिंधी बांधत होतो.

मोर्चा पुढे गेल्यावर हवालदार आला. "ये गाना किसने बनाया?" त्याने विचारलं.  पोलिसात नाव गेलं की गिरणीचं काम गेलं, आणि काम गेलं की या शहरात मला उभं राहायला जागा नव्हती.

"मेले का गाना है, भैया," काकू म्हणाल्या. "दस लड़के मिलके जोड़ते हैं। कोई एक थोड़े ही।" मग माझ्याकडे बघून, "बेटा, यांना पाणी दे."

मी पाणी दिलं. निम्मं त्याच्या हातावर सांडलं. तो गेल्यावर मी ओसरीवरच बसलो.

"काकू, पद माझं..."

"माहीत आहे. चाफा तुझ्याशिवाय कोण घालील पदात? बाकीच्यांना आमच्या दारात झाड आहे हे तरी ठाऊक आहे का?"

काका तोवर कचेरीतून धावत आले होते. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "पोराला बोलू नकोस. शब्द काही दगड उचलत नाही. हात उचलतो."

"आणि हाताला घर कुणी दाखवलं?" काकूंनी विचारलं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.  त्या प्रश्नाचं उत्तर मी इतकी वर्षं शोधतो आहे. पन्नास माणसांना मी कुठं म्हटलं होतं की दगड मारा? पण मी नसतो तर त्या गल्लीतल्या तीसएक दारांतून त्यांना हेच दार कसं सापडलं असतं?

"यादीत पहिलं नाव यांचंच आहे," काकू हलकेच म्हणाल्या. "हुकूम निघेपर्यंत बोलायचं नाही म्हणून गप्प आहेत. आम्हीच चाललो आहोत, बेटा. हे घर सोडून."

मी उठून आतल्या काचा वेचू लागलो.

"आज मी तुझ्यासाठी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "आजवर पोलिसाशीच काय, दूधवाल्याशी नव्हते बोलले. ते तू फेडायचं. विसर्जनाआधी त्याच चौकात उभा राहा आणि सांग, पद माझं होतं आणि खोटं होतं."

"तो काम घालवून बसेल," काका म्हणाले.

"विचार करू दे त्याला," काकू म्हणाल्या, आणि एका हाताने सुपातले चांगले तांदूळ वेगळे करू लागल्या.

विसर्जनाच्या संध्याकाळी मी चौकात मेळ्यापुढे उभा राहिलो. मास्तरांना आधी सांगून ठेवलं होतं. त्यांनी पेटी थांबवली. लोक वाट बघत होते. समोर दिवाबत्ती लागत होती, आणि गर्दीच्या कडेला तोच हवालदार उभा होता. मी तोंड उघडलं आणि आरती सुरू केली. सगळ्यांनी साथ दिली. आरती संपल्यावर मी खाली उतरलो.

काकूंनी विचारलं नाही. पुढच्या रविवारी ताट वाढलं होतं. हाताला पट्टी, म्हणून डावीने वाढत होत्या, आमटी ताटाबाहेर गेली तर म्हणाल्या, "आता तूच मेरा दाहिना हाथ, कढी घे हाताने." मी जेवलो. तसा घास पुन्हा कधी गिळावा लागू नये.

ते भोपाळला निघाले तेव्हा स्टेशनवर वळकटी मीच डब्यात चढवली. काका खिडकीतून म्हणाले, "सातवी दे." काकूंनी नुसता हात हलवला, उजवा. मधली दोन बोटं नीट मिटत नव्हती.

सातवी मी दिली, तिसऱ्या खेपेला. अजून बिर्लानगरातच आहे. दिवाळीला काकूंचं कार्ड येतं, अक्षर वाकडं असतं. पदं रचणं सोडलं. कुणी म्हणालं की नुसत्या बोलण्याने काय होतं, तर मी तिथून उठून जातो.

काकू, काम गेलं तरी चालेल असं म्हणायचं धाडस मला अजून होत नाही. लेकरं लहान आहेत. पण हे मी लिहून काढलं आहे, आणि हेच मी कधीतरी नई सडकेच्या चौकात गणपतीपुढे उभा राहून माझ्या तोंडाने वाचीन. मग भोपाळला येऊन तुम्हाला सांगीन की फेडलं. तोवर तुमचं देणं माझ्याकडे आहे, आणि ते मी विसरलेलो नाही.