स्वामींचा तळपाय

माझी जीभ तिखट. सासूबाई म्हणतात, "हिच्या तोंडात मिरचीचं वावर हाय." पण ज्या दिवशी खरंच बोलायला पाहिजे होतं, त्या दिवशी मी मूग गिळून बसले. ते आधी कबूल करते.

रेणापूरला आमचं किराणा दुकान. घर लिंगायतांचं. श्रावणी सोमवारी आमचे जंगम, म्हणजे घरचे गुरू, पाद्यपूजेला येतात. आम्ही त्यांना स्वामीच म्हणतो. वय साठीच्या पुढं, शुगर जुनी, आणि श्रावणभर अनवाणी फिरायचा नेम. गेल्या वर्षी अशाच एका सोमवारी परातीत त्यांचे पाय धुताना उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला मला एक भोक दिसलं. चिंचोक्याएवढं. भोवतीची कातडी पांढरी, जाड. माझा हात थांबला तशा मागून सासूबाई पुटपुटल्या, "गुमान पाया पड." गुरूच्या पायात खोट काढायची नसते. मी त्या जखमेजवळ विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं आणि डोकं टेकवलं. स्वामी हसून आशीर्वाद देत होते. त्यांना काही दुखतच नव्हतं. त्या दिवशी त्यांची आणखी चार-पाच घरं झाली. तिथल्या बायकांनाही दिसलंच असणार की! एकीनंही तोंड उघडलं नाही.

पोळा झाला आणि पाय सुजला. लातूरच्या एका दवाखान्यात ठेवलं, सलाईन लागलं, सूज उतरली. जखम मात्र काही केल्या भरेना. दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, पंजा काढावा लागेल.

"काढू द्या अक्का, शिवाची मर्जी," स्वामी मला म्हणाले. मग पायाकडं बघून हळूच म्हणाले, "पण लोक डोकं कशावर टेकवतील?"  राग आला, माझा मलाच.

माझं माहेर नांदेडकडचं, उमरीचं. भाऊ फोनवर म्हणाला, नांदेडला नुसते पायच बघणारी एक डॉक्टरीण आहे, कापायच्या आधी एकदा दाखवा. दुसऱ्या दिवशी यांनी दुकान बंद ठेवलं आणि आम्ही स्वामींना गाडीत घालून निघालो.

डॉक्टरीण माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. बुटक्या स्टुलावर बसली, स्वामींचा पाय मांडीवर घेतला आणि बघतच राहिली. बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, टाचेला. आमच्या घरानं दोन पिढ्या त्या पायांवर डोकं ठेवलं, पण असा कोणी बघितला नव्हता. मग तिनं नायलॉनचा बारीक दोरा काढला. म्हणाली, "डोळे मिटा. कळलं की हो म्हणा." तळव्याला ती एकेका जागी दोरा टेकवत गेली. स्वामी गप्प. शेवटी तेच म्हणाले, "सुरू करा की, बाई."

तिचं करून झालं होतं!  एवढा मोठा माणूस, आणि त्याला स्वतःचे तळवेच ठाऊक नव्हते.

पुढं तिनं पेनासारखं एक यंत्र घोट्याजवळ धरलं आणि खोलीभर आवाज घुमला, सूं... सूं... सूं. "हे यांचं रक्त. चांगलं पोचतंय. एक्स-रेत हाडही शाबूत दिसतंय. आपण पाय वाचवायचा प्रयत्न करू." मी तर त्या यंत्रालाच हात जोडले. आमचे हे माझ्याकडं बघून हसले, हसू द्या.

पण ती प्लास्टर घालू म्हणाली तशी मी भडकले. "उघड्या जखमेवर प्लास्टर? हाड मोडलंय का त्यांचं?" ती चिडली नाही. म्हणाली, "ताई, मलम कमी पडलं नाही. प्रत्येक पावलाला भार त्याच जागेवर पडतोय. तुम्हाला खडा टोचला की तुम्ही लंगडता, तेवढ्यानं जागेला विसावा मिळतो. यांना शुगरमुळं टोचतच नाही. प्लास्टरनं तो भार सगळ्या पायावर वाटला जाईल." आणखी एक सांगितलं. कातडी फुटायच्या आधी ती जागा गरम होते, हे आता अभ्यासातून कळलंय. रोज पालथ्या हातानं दोन्ही तळवे पडताळायचे, एक जास्त गरम लागला की चालणं बंद आणि तडक दवाखाना.

दर आठवड्याला प्लास्टर कापायचं, बघायचं, नवं घालायचं. दर खेपेला जखम लहान. चिंचोक्याचा हरभरा झाला, हरभऱ्याची ज्वारी झाली. एका खेपेला प्लास्टर निघालं आणि तिथं फक्त गुलाबी कातडी. अगं माय! मी मोठ्यानं रडले. स्वामी तळव्यावरून बोट फिरवत होते. म्हणाले, "मला तर काही कळलंच न्हाई." ज्या पायाला दोरा कळत नव्हता, त्यानं आतल्या आत स्वतःला सांधून घेतलं होतं. एवढं मोठं काम, आणि धन्याला पत्ता नाही. अजून आठवलं की मी थक्क होते.

यंदाच्या श्रावणात ते मऊ तळाचे खास सँडल घालून आले. नेम मोडताना जड गेलं त्यांना, पण मोडला. घरात बायका जमल्या होत्या. मी परातीत पाय धुतले, पुसले आणि विभूती लावायच्या आधी पालथा हात टेकवला. उजवा गार. डावा टाचेजवळ कोमट. परत बघितलं. कोमटच. कातडीवर ओरखडासुद्धा नव्हता.

"काय बघताय अक्का?" स्वामींनी विचारलं.

"स्वामी, डावा पाय गरम हाय. आज पुढच्या घरी चालत जायचं न्हाई."

 भर पूजेत गुरूला अडवलं होतं मी. सासूबाई उठल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही. त्या माझ्या शेजारी खाली बसल्या, पालथा हात आधी उजव्या तळव्याला लावला, मग डाव्याला. जरा वेळ तिथंच ठेवला.

"हाय, गरम हाय," त्या म्हणाल्या आणि दाराकडं तोंड करून लेकाला हाक मारली, "गाडी काढ रे. पूजा आल्यावर करू."