गणपतीच्या सुट्टीतली तपासणी

लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यातील ते प्रकरण आजही मला बारकाव्यांसह आठवते. ऐंशीचे दशक संपत आले होते. दिवाळीच्या आधी अ‍ॅसिडचा व्हॉल्व्ह फुटून एक कामगार मरण पावला. व्हॉल्व्ह चालवणाऱ्या त्याच्या जोडीदारावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला गेला; तपास माझ्याकडे आला. कारखान्याने कॉम्प्युटरचा छापील कागद हजर केला होता. विभागातील सगळ्या व्हॉल्व्हची तपासणी रोज झालेली, शेरा रोज 'ठीक'. म्हणजे चूक माणसाची.

"गळतो म्हणून महिनाभर सांगत होतो, साहेब," एवढेच तो जबाबात सांगे.

दोषारोपपत्र लिहायला घेतले, त्या आठवड्यात कंपनीच्या बसचा ड्रायव्हर ठाण्यात आला.

"अपघाताच्या दुसऱ्या दिवशी कारखाना बंद. तरी मॅनेजरान अख्खी बस काढायला लावलान. एकट्या कॉम्प्युटरवाल्यासाठी! नवरदेव होता काय तो?"

कॉम्प्युटर चालवणाऱ्याला बोलावले. दोन तास तो एकच वाक्य सांगत राहिला. "यंत्र खोटं बोलत नाही, साहेब."

मी वाद घातला नाही. पंचांसमक्ष गेटचे रजिस्टर ताब्यात घेतले आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक दिवस जुळवला. गणपतीच्या पाच दिवसांवर बोट थांबले. गेटवर फक्त पहारेकरी, आत कोणीच गेलेले नाही. तपासणी मात्र 'ठीक'.

हवालदार म्हणाले, "काय रे, बाप्पा स्वतः गेलेले काय तपासायला?"

मग कॉम्प्युटरवाल्याने कबूल केले. न झालेल्या तपासणीच्या मूळ नोंदी 'बाकी' शब्दाने सुरू होत. बाकी, सुटा भाग नाही. बाकी, माणूस नाही. बाकी, गणपतीची सुट्टी. मॅनेजरने त्या बदलायला सांगितल्या. एकेक वाचत बसण्याऐवजी याने कॉम्प्युटरला नमुना दिला : या रकान्यात 'बाकी'ने सुरू होणारा मजकूर, पुढे काहीही असो, पूर्ण काढ आणि 'ठीक' घाल.

"क्षणात झालं," तो म्हणाला. "सुट्टीच्या ओळीही त्यात बसतील, हे ध्यानातच आलं नाही."

मूळ नोंदींची टेप त्याच्याच कपाटात मिळाली. पंचनामा करून जप्त केली. मॅनेजरवर गुन्हा दाखल झाला, व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कामगाराचे नाव वगळले.

हे सांगायला त्याला ठाण्यात बोलावले. त्याने आभार मानले नाहीत. विचारले, "मग उरलेले व्हॉल्व्ह खरंच कोणी बघितले काय, साहेब? दुपारच्या पाळीला माझा धाकटा भाव कामाला आहे."

मी लगेच कारखाना निरीक्षकांना फोन लावला आणि जीप काढली. पाळी आत शिरण्यापूर्वी तो विभाग बंद झाला.

आरोपी सापडला की तपास संपतो, असे मी तोवर मानत होतो. पुढे प्रत्येक गुन्ह्यात पहिला प्रश्न बदलला : ज्याने माणूस मेला, ते अजून तिथेच आहे का?