जाळीआडचा जपानी दरबार

सासऱ्यांचं विसरणं वाढलं, एकदा ते चालत थेट हायवेपर्यंत गेले, आणि छाणीच्या आमच्या फ्लॅटच्या जाळीच्या दाराला आतून कुलूप लागलं. तेव्हापासून तेही आत, मीही आत. आल्यागेल्याशी जाळीतूनच बोलायचं. सासरे गुजराती शेजारणीला तिच्या भाषेत हाका मारतात, "बेन, दरवाजो खोलो ने!" मग ती माझ्याकडे बघते, जशी काही मीच जेलर.

हजार वर्षांपूर्वीच्या जपानी दरबारातल्या कविता मी मराठीत आणते. तिथल्या बायकाही बांबूच्या पडद्याआड बसत, बाहेरच्याला दिसे ती फक्त बाहीची कड. पूर्वी व्याख्यानात हे मी फार रंगवून सांगायचे. आता चीड येते. त्यांच्या दिमतीला दासी तरी होत्या, इथे डायपरही मीच बदलते.

अशात पुण्याच्या एका शिबिरात या कवितांवर बोलायचं बोलावणं आलं. मला जायचंच होतं. दोन दिवस मोकळी हवा, आणि मी कोण ते लक्षात ठेवणारी माणसं! नवऱ्याची रिफायनरीत शिफ्टची नोकरी. जेवताना त्याला विचारलं, "बाबांजवळ राहायला दोन दिवस रजा घेशील?"

"बघतो," म्हणाला आणि ताकाची वाटी तोंडाला लावली.

त्या दरबारात रीत होती. कुणाची कविता आली, की निरोप्या दारात उभा असतानाच उत्तराची कविता लिहून द्यायची. उत्तर लांबलं, तर नकार समजायचा. आठवडा गेला तरी नवरा गप्पच. समजायचं ते मी समजले. पुन्हा विचारायला मी काही भिकारीण नव्हते. शुक्रवारी दुपारी पुण्याहून फोन आला, "मॅडम, काय ठरलं?" मी नाही म्हणून टाकलं.

संध्याकाळी नवरा बूट काढता काढता म्हणाला, "रजा मंजूर झाली. तिकीट काढ."

"मग आठवडाभर मिठाची गुळणी धरून का बसला होतास?" मी ओरडले.

"मंजुरीआधी काय सांगणार? तू विचारलंस, त्याच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकला होता."

मला रडू फुटलं. तशीच पुण्याला फोन लावला. माझ्या जागी दुसऱ्या बाईंचं ठरलंही होतं.

रजा काही परत करता आली नाही. ते दोन दिवस आम्ही तिघांनी घरातच काढले.